सेवासमाप्ती व सूचना-वेतन

मालकाने कामगाराची नोकरी संपुष्टात आणणे म्हणजे सेवासमाप्ती आणि त्यापूर्वी द्यावयाच्या सूचनेच्या मुदतीऐवजी दिलेला पगार म्हणजे सूचना-वेतन. बोलीभाषेत यालाच ‘नोटिशीचा पगार’ म्हणतात. सेवासमाप्ती सामान्यतः दोन कारणांनी होते. गैरवर्तनाबद्दल शिक्षा म्हणून कामावरून काढणे ही बडतर्फी होय. तीत आरोपपत्र व चौकशी आवश्यक असते, सूचना-वेतन नसते. कामगाराचा दोष नसताना तो अतिरिक्त ठरला म्हणून त्यास कमी करणे ही कपात होय. तीत सूचना व भरपाई या दोहोंचा हक्क पोहोचतो. हा हक्क भारतात कसा उत्पन्न झाला आणि जेथे काम हंगामावर चालते तेथे तो कितपत पोहोचला, याचा विचार येथे खानदेशच्या, विशेषतः पारोळा परिसराच्या संदर्भात केला आहे.

पारोळा हे किल्ल्याचे गाव कापूस, लुगडी, धान्य व गुरे यांच्या व्यापारासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध होते. या भागातील नोकरीचे सर्वांत जुने माप म्हणजे साल. सालदार आखाजीस, म्हणजे अक्षय्यतृतीयेस, ठरतो आणि पुढील आखाजीस मोकळा होतो. सालाची मुदत रूढीने ठरलेली असल्यामुळे वेगळ्या सूचनेचा प्रश्न सहसा उद्भवत नसे. मात्र उचल घेतलेली असल्याने मध्येच काम सोडणे सालदारास जवळजवळ अशक्य असे. १८५९ च्या तेराव्या अधिनियमाने याच तऱ्हेच्या व्यवहाराला फौजदारी बळ दिले. आगाऊ रक्कम घेऊन काम टाळणाऱ्या कारागिराला वा मजुराला दंडाधिकारी ती परत करण्याचा किंवा काम पुरे करण्याचा हुकूम देई आणि हुकूम न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शके. करारभंगाबद्दल मालकाला मात्र अशी कैद नव्हती. १९२५ मध्ये हा अधिनियम रद्द करण्यात आला.

सूचना हे आरंभी कामगाराचे ओझे होते, ही गोष्ट बहुधा विसरली जाते. गिरण्यांत कामगाराने न कळविता काम सोडल्यास त्याचा शिल्लक पगार बुडविण्याची रीत होती. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने तिला मर्यादा घातली, ती नाहीशी केली नाही. दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, सूचना न देता व सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिल्यास, करारात सूचनेची अट असेल तर, आठ दिवसांपर्यंतचे वेतन कापण्यास मुभा राहिली. मालकाने न कळविता काढून टाकल्यास कामगाराच्या हाती दिवाणी दाव्याखेरीज काही नव्हते, आणि त्यातही फार तर नुकसानभरपाई मिळे. गेलेली नोकरी परत मिळत नसे.

मुंबई इलाख्यात हे चित्र प्रथम पालटले ते कापड-उद्योगात. १९३८ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाने व पुढे १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमाने गिरण्यांचे स्थायी आदेश कायद्याच्या कक्षेत आले आणि बडतर्फीच्या हुकुमाची वैधता व औचित्य तपासण्याचा अधिकार कामगार न्यायालयास मिळाला. अमळनेर, धुळे, जळगाव व चाळीसगाव येथील गिरणी कामगार अशा रीतीने तुलनेने लवकर संरक्षणाखाली आले. १९४९ साली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनच्या प्रकरणात संघ न्यायालयाने औद्योगिक न्यायाधिकरण काढलेल्या कामगारास पुन्हा कामावर घेण्याचा आदेश देऊ शकते, असा निर्णय दिला. करार मोडल्यास पैसे, एवढीच कल्पना असलेल्या जुन्या कायद्याला हा निर्णय मोठा छेद देणारा होता.

सूचना-वेतनाचा आजचा ढाचा मात्र १९५३ चा आहे. त्या वर्षी १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात कलम २५-एफ घालण्यात आले. सलग एक वर्ष सेवा झालेल्या कामगाराची कपात करावयाची झाल्यास कारणांसह एक महिन्याची लेखी सूचना किंवा तेवढे वेतन, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई, अशी तरतूद झाली. शेवटी आला तो आधी जावा व पुन्हा भरती करताना कमी केलेल्यांना अग्रक्रम मिळावा, हे नियमही त्याबरोबरच आले.

या कलमाची पहिली कसोटी महाराष्ट्रातच लागली. बार्शी लाइट रेल्वे १ जानेवारी १९५४ रोजी शासनाने ताब्यात घेतली, तेव्हा कंपनीने आपल्या सर्व नोकरांच्या सेवा संपविल्या होत्या. त्यांपैकी बहुतेकांना शासनाने कामावर घेतले, तथापि भरपाईचा प्रश्न उरलाच. २७ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की चालू धंद्यातील अतिरिक्त कामगारांना कमी करणे म्हणजे कपात. धंदाच बंद झाला किंवा हस्तांतरित झाला तर ती कपात नव्हे. हा अर्थ शब्दशः निर्दोष असेल, पण त्यामुळे एक कामगार काढला तर भरपाई व सगळेच काढले तर काही नाही, अशी विपरीत स्थिती निर्माण झाली. संसदेने १९५७ मध्ये अधिनियम दुरुस्त करून हस्तांतर व बंदी यांसाठीही भरपाई ठेवली आणि ती निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून, २८ नोव्हेंबर १९५६ पासून, लागू केली. अटळ कारणांनी धंदा बंद झाल्यास भरपाईस तीन महिन्यांच्या वेतनाची कमाल मर्यादा राहिली. तथापि केवळ आर्थिक अडचण हे अटळ कारण मानले जात नाही.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील सेवकांना कायद्याप्रमाणे भरपाई न देता कमी केल्याच्या प्रकरणात १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाई देणे ही कपातीची पूर्वअट आहे, असे ठरविले. रक्कम नंतर देऊन दोष भरून निघत नाही. कपातच निरर्थक ठरते. मालकांना सर्वांत जाचक आणि कामगारांना सर्वांत उपयोगी पडलेला निर्णय हाच म्हणावा लागेल.

दुकाने व पेढ्यांतील नोकरांसाठी १९४८ चा स्वतंत्र मुंबई अधिनियम होता. जेथे तो लागू होता तेथे वर्षभर सेवा झालेल्यास तीस दिवसांची व तीन महिन्यांहून अधिक, पण वर्षाहून कमी सेवा झालेल्यास चौदा दिवसांची सूचना किंवा वेतन द्यावे लागे. २०१७ मध्ये त्याची जागा नव्या अधिनियमाने घेतली.

आता मूळ अडचण. सलग एक वर्ष सेवा म्हणजे मागील बारा महिन्यांत प्रत्यक्ष २४० दिवस काम. पगारी सुट्या व रविवार त्यात धरावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सांगितले. पण कपाशीचे काम या मोजमापात बसत नाही. दिवाळीच्या सुमारास कापूस येऊ लागला की जिन सुरू होतात. कापूस सरला की बंद पडतात. हंगाम अगदी आखाजीपर्यंत लांबला आणि एकही रविवार वगळला नाही, तरी दिवसांची संख्या १८० च्या आसपास थांबते. जिनवर कापूस टाकणाऱ्या स्त्रिया, रुईच्या गाठी बांधणारे हमाल व सरकी वाहणारे मजूर दरवर्षी त्याच आवारात परत आले, तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांची सलग सेवा सहसा निर्माण होतच नाही. यांच्या श्रमाकडे सरकारचे लक्ष गेले नव्हते असे नाही. खानदेशातील जिनमधील कामाच्या प्रदीर्घ तासांची चर्चा १८८४-८५ च्या मुंबई फॅक्टरी आयोगापुढेच झाली होती. परंतु तासांचे नियमन आणि नोकरीची शाश्वती हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गिरण्यांच्या दारातही एक वर्ग असाच बाहेर राहिला. केंद्रीय नमुना स्थायी आदेशांनी मासिक पगारी कायम कामगारास एक महिन्याची व इतर कायम कामगारांस दोन आठवड्यांची सूचना दिली. बदली, तात्पुरत्या व उमेदवारीवरील कामगारांस काहीच दिले नाही.

हंगाम हे सेवेचे माप होऊ शकत नाही, असे मात्र नाही. १९७२ च्या उपदान प्रदान अधिनियमाने ते मानले. हंगामी आस्थापना जितके दिवस चालली त्यांपैकी ७५ टक्के दिवस काम केलेल्याची सेवा तेथे सलग धरली जाते आणि प्रत्येक हंगामामागे सात दिवसांचे वेतन उपदान म्हणून मिळते. एकाच कामगाराकडे पाहण्याच्या या दोन दृष्टींतील अंतर कायदेमंडळाने कपातीच्या बाबतीत कधीच मिटविले नाही. मोरिंडा सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हंगाम संपल्यावर काम थांबणे ही कपात नव्हे, असे म्हटले. पण हंगामी कामगारांची नोंदवही ठेवून पुढील हंगामात ज्येष्ठतेनुसार त्यांना बोलवावे, असा निर्देशही दिला. प्रकरण पंजाबातील असले, तरी जिनमधील कामगारासाठी त्यातील नोंदवही ही भरपाईपेक्षाही मोलाची गोष्ट आहे. नाव नोंदीत नसेल, तर आपण मागील हंगामात होतो हेच त्याला सिद्ध करता येत नाही. ठेकेदाराच्या टोळीतून आलेल्या मजुराबाबत तर ही अडचण दुप्पट होते.

महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक अधिनियमाने, जो ८ सप्टेंबर १९७५ पासून अंमलात आला, सूडबुद्धीने काढून टाकणे आणि कायमपणाचे लाभ टाळण्याच्या हेतूने बदली वा तात्पुरते म्हणून वर्षानुवर्षे ठेवणे, या दोन्ही प्रथा अनुचित ठरविल्या. तक्रारीस नव्वद दिवसांची मुदत होती. वर्षभर चालणाऱ्या कारखान्यांत या दुसऱ्या कलमाचा पुष्कळ उपयोग झाला. जेथे काम खरोखरच हंगामी असते, तेथे हेतू सिद्ध करणे कठीण जाते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि १९४७ चा अधिनियम निरसित झाला. एक महिन्याची सूचना, पंधरा दिवसांची भरपाई व २४० दिवसांचे माप संहितेत कायम आहे. कपात झालेल्या कामगाराच्या पुनर्कौशल्यासाठी मालकाने आणखी पंधरा दिवसांचे वेतन निधीत भरावयाचे असून ती रक्कम ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हावी, ही नवी तरतूद आहे. कपातीस शासनाची पूर्वपरवानगी लागण्याची मर्यादा मात्र शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली. ठरावीक मुदतीची नोकरीही संहितेने मान्य केली. मुदत संपल्यावर होणारी सेवासमाप्ती कपातीत मोडत नाही.