पयला ठोका

भिवापूर म्हटलं की लोकांना मिरची आठवते. साहजिकच आहे, आमच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. माझ्या कानात मात्र भिवापूर म्हणजे बँड. वडील दिवसा मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या जागी, कामाला असायचे आणि लग्नाच्या तिथी लागल्या की संध्याकाळी लाल कोट चढवून ट्रम्पेट वाजवायचे. दिवसभर मिरची हाताळलेली बोटं चुकून ओठांना लागली, तर पितळी तोंड टेकवताच डोळ्यांतून पाणी यायचं. म्हणून निघण्याआधी आई त्यांच्या बोटांना खोबरेल तेल चोळायची, मग राखेनं हात धुवून द्यायची. वडील दोनदा फुंकून पाहायचे, तोंड वाकडं करायचे आणि म्हणायचे, "चाल, निघू."

वरातीत त्यांचं हुकमी गाणं 'शोला जो भडके'. मी साइड ड्रमवर. ते मागं वळून एवढंच सांगायचे, "पोट्ट्या, पयला ठोका जमिनीत गेला पायजे." पहिला ठोका जोरात बसला की नाचणाऱ्यांचे पाय आपोआप उचलतात, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

ते गाणं 1951च्या 'अलबेला'तलं. या सिनेमाशी आमच्या विदर्भाचं नातं आहे. नायक-दिग्दर्शक भगवानदादा 1913 साली अमरावतीत जन्मले. संगीतकार सी. रामचंद्र मूळचे पुणतांब्याचे, पण नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेले. त्यांनी मराठी कानाला रुचेल अशी सरळ चाल ठेवली आणि तिच्याखाली लॅटिन अमेरिकेचा ताल घातला. बोंगो, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सगळं एकाच गाण्यात. आज ज्याला फ्यूजन म्हणून मिरवतात, ते या माणसानं दोन पिढ्यांआधी करून ठेवलं आणि गावागावांत पोचवलं.

पण ट्रम्पेट कोण वाजवत होतं? हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. आंतोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचे, जन्म 1916. मुंबईत ते चिक चॉकलेट झाले. ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड वाजायचा आणि लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. सी. रामचंद्रांच्या कितीतरी गाण्यांमागे ते होते. 'अलबेला'त तर त्यांचा अख्खा बँड झालरीचे कपडे घालून पडद्यावर दिसतो. गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये पोरांना नोटेशन लिहायला-वाचायला शिकवत. तीच विद्या घेऊन सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड असे कितीतरी जण मुंबईला आले. चाल संगीतकाराची, पण कुठलं वाद्य कधी बोलेल हे बऱ्याचदा हे लोक लिहायचे. तबकडीवर मात्र त्यांची नावं सहसा नसायची. मला याचा राग येतो, आणि तो अजून गेलेला नाही.

ज्यांच्या नावानं चिक चॉकलेट ओळखले जायचे, ते जॅझचे ट्रम्पेटवादक आर्मस्ट्राँग 1901 साली अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मले. तिथले बँड रस्त्यावरचे. प्रेतयात्रेत जाताना संथ वाजवायचे, परतताना नाचायला लावायचे. त्याच रस्त्यावरच्या ढोलांच्या चालीतून पुढे फंक या नाचायच्या संगीताला बळ मिळालं. फंकचे गायक जेम्स ब्राऊनही, माझ्या वडिलांसारखेच, आपल्या वादकांकडून पहिल्या ठोक्यावरच जोर मागायचे. 1967 साली त्यांचं 'कोल्ड स्वेट' आलं आणि अनेक जाणकार फंकची सुरुवात तिथून धरतात. त्याच वर्षी चिक चॉकलेट वारले. वडिलांनी दोघांचीही नावं ऐकली नव्हती. तरी न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावरून निघालेली ही वाजवण्याची रीत ताजच्या नाचघरातून, सिनेमाच्या तबकडीतून पुन्हा रस्त्यावर आली, आमच्या वरातीत. भिवापुरात ती परकी वाटली नाही, कारण रस्त्यावरून वाजवत जाणं हे तिचं मूळचं काम.

आता वरातीपुढे डीजेची गाडी असते. वडिलांचं ट्रम्पेट माझ्याकडे आहे. मधला पिस्टन अडकतो, पण सूर अजून सच्चा आहे. घरात लग्न ठरलं तर एक संध्याकाळ तरी बँड सांगा. मास्तरांना 'शोला जो भडके' वाजवायला लावा आणि बिदागी देताना त्यांना सांगा की या गाण्यातलं ट्रम्पेट पहिल्यांदा हळदोण्याच्या आंतोनियो वाझ यांनी वाजवलं होतं.