सुइणींचे दप्तर

मधुमेह हा सुखवस्तू, बैठ्या माणसाचा रोग, ही समजूत आपल्या समाजात इतकी मुरलेली आहे की, त्याचे मूळ आईच्या उपासमारीत शोधावे असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्यास ते विपरीतच वाटावे. परंतु या विचाराला त्याचे कूळ आहे, आणि ते इंग्लंडातील हर्टफर्डशायर परगण्याच्या दप्तरापर्यंत जाते. तेथे १९११ पासून, एथेल मार्गारेट बर्नसाइड या निरीक्षिकेच्या देखरेखीखाली, सुइणी आणि आरोग्यसेविका प्रत्येक अर्भकाचे जन्मवेळचे वजन, ते अंगावर पिते की बाटलीने, वर्ष भरल्यावर त्याचे वजन किती, असा तपशील बिनचूक नोंदवीत. पुढे डेव्हिड बार्कर आणि निकोलस हेल्स यांनी त्या नोंदींतील मुलगे साठी उलटल्यावर हुडकून काढले, त्यांना साखरेचे पाणी पाजून रक्त तपासले, आणि जन्मतः वजन जितके कमी तितका उतारवयात रक्तशर्करेचा बिघाड अधिक, हा निष्कर्ष १९९१ साली जाहीर केला. गर्भात टंचाई सोसलेला देह काटकसरीची सवय जन्मभर बाळगतो, हे त्यांनी दुसऱ्याच वर्षी सुचविले. पण ही सवय देहात टिकते कोठे, हा प्रश्न उरलाच.

त्याच्या उत्तराची दिशा एका दुष्ट हिवाळ्याने दाखविली. १९४४-४५ मध्ये जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम नेदरलँड्समधील शिधा दिवसाला हजार उष्मांकांच्याही खाली गेला. त्या काळात गर्भात असलेल्यांपैकी काहींचे रक्त सहा दशकांनी तपासले, तेव्हा वाढीशी संबद्ध अशा एका जनुकावरील मेथिल-खुणा त्यांच्याच भावंडांपेक्षा विरळ आढळल्या. मूळ दस्तऐवजातील एक अक्षरही न बदलता समासात शेरा मारावा, तशा या खुणा जनुकाचा मजकूर तोच ठेवून त्याचा अंमल कमीजास्त करतात. तथापि येथे घाई नको: त्या खुणा गर्भधारणेच्या सुमारास उपासमार घडलेल्यांत दिसल्या, तर साखरेचा बिघाड गर्भारपणाच्या मध्यात वा अखेरीस ती सोसलेल्यांत ठळक होता, तेव्हा शेरा हाच रोगाचा कर्ता, असा निवाडा या पुराव्यावर देता येत नाही.

या कुळाची एक शाखा पुण्यास येते, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवतींचा अभ्यास आरंभिला. तेथील अर्भके सरासरी २.७ किलो वजनाची, इंग्रज अर्भकांहून कितीतरी हलकी. पण हातपाय काटक्यांसारखे असूनही कातडीखालची चरबी मात्र त्यांनी राखलेली! ती मुले सहा वर्षांची झाली तेव्हा, ज्यांच्या आयांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्यात इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती सर्वाधिक निघाली. मेथिल-खुणांचा माल याच दोन जीवनसत्त्वांच्या सहकार्याने देहात सिद्ध होतो, आणि दूध-मांस बेताचेच मिळणाऱ्या घरांत ब-१२ची वानवा नित्याची असते. म्हणून पुढे त्याच गावांत, अभ्यासातील मुलेमुली वयात आल्यावर, त्यांना लग्नाआधीपासूनच ब-१२ देऊन त्यांच्या अपत्यांची प्रकृती पाहण्याचा प्रयोग हाती घेण्यात आला.