पणजीचं चर्च आणि जुन्या गोव्याची घंटा

पणजीला शहराचा दर्जा मिळाला १८४३ मध्ये. तिथलं चर्च त्याच्या तीनशे वर्षं आधीचं. १५४१ मध्ये आल्तिनोच्या टेकडीच्या उतारावर एक लहानसं चॅपल उभं होतं. भोवताली तेव्हा होतं तरी काय? खाजणं, माड, थोडी वस्ती आणि मांडवीच्या काठी आदिलशहाचा वाडा, तोही आता पोर्तुगीजांच्या ताब्यातला. राजधानी होती नदीतून बरंच आत, ज्याला आज आपण जुनं गोवं म्हणतो तिथं. लिस्बनहून निघालेली जहाजं कित्येक महिन्यांनी मांडवीत शिरत. जिवंत पोचलेले खलाशी आधी पणजीला उतरून मेरीमातेचे आभार मानत आणि मग राजधानीची वाट धरत. वाटेवरचं देऊळ असतं ना, तसं हे वाटेवरचं चॅपल.

१६०० च्या सुमारास पणजीचं स्वतंत्र पॅरिश झालं आणि १६१९ मध्ये जुन्या चॅपलच्या जागी मोठं चर्च बांधून झालं. निष्कलंक गर्भसंभव मातेला वाहिलेलं. गावाच्या मानाने ही इमारत थोराडच. पण ती बांधणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नुसतं गाव नव्हतं, नदीही होती. उंचावर, जांभ्या दगडाच्या भिंतींवर चुन्याची पांढरी सफेदी, म्हणजे येणाऱ्या जहाजाला ते लांबूनच दिसावं.

पुढे नशीब फिरलं ते जुन्या गोव्याचं. रोगराईने ते शहर पोखरलं, लोक उठून जाऊ लागले. १७५९ मध्ये व्हाइसरॉयनेच मुक्काम पणजीच्या आदिलशाही वाड्यात हलवला, मग बाकीच्यांनी कशाला थांबावं? राजधानी पणजीला आली आणि वाटेवरचं चर्च राजधानीचं चर्च झालं. एक गोष्ट मात्र हलली नाही. आर्चबिशपचं अधिकृत आसन आजही जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमध्येच आहे. पणजीचं चर्च कागदोपत्री साधं पॅरिश चर्च. मान मात्र कॅथेड्रलहून कमी नाही.

आता घंटा. जुन्या गोव्यात मोंते सांतो टेकडीवर ऑगस्टिनियन पंथाचा प्रचंड मठ होता. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक पंथांचे मठ बंद केले, साधूंना बाहेर काढलं आणि ही वास्तू बेवारस झाली. काही वर्षांतच, १८४२ मध्ये, तिथल्या चर्चचं छत कोसळलं. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भागही गेला. उरला तो सुमारे ४६ मीटर उंचीचा जांभ्याचा सुळका पाहायला आज पर्यटक जातात. इथली मोठी घंटा मात्र वाचली. आधी ती आग्वाद किल्ल्यावरच्या दीपगृहात गेली आणि १८७१ मध्ये पणजीच्या चर्चला मिळाली. वजन सुमारे २,२५० किलो. गोव्यात हिच्याहून मोठी एकच, से कॅथेड्रलची ‘सोन्याची घंटा’.

एवढं धूड टांगायचं कुठे? त्यासाठी दर्शनी भिंतीच्या मधोमध, वर, नवी कमान उभारली गेली. कॅलेंडरांवर आणि सिनेमांत जी बाह्यरेषा आपण ‘चारशे वर्षांपूर्वीची’ म्हणून कौतुकाने पाहतो, तिचा माथा एकोणिसाव्या शतकातला आहे, तोही दुसऱ्याच्या घंटेपायी वाढवलेला. समोरच्या नागमोडी पायऱ्याही मूळ चर्चनंतरच्या. माझं स्पष्ट मत असं की, त्या पायऱ्या आणि ही कमान काढून टाकली तर मागे गोव्यातल्या इतर अनेक चर्चसारखंच एक नेटकं, साधं चर्च उरेल. रुबाब या नंतरच्या भरीचा आहे. मूळ वास्तूत नंतर हात घातला म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी इथं थोडं थांबावं.

आतही उसनवारी आहेच. १९१८ मध्ये गव्हर्नरांनी आदिलशाही वाडा सोडला, त्यांचं निवासस्थान काबोच्या टोकावर गेलं. वाड्यातल्या त्यांच्या खासगी चॅपलची वेदी मग या चर्चमध्ये आणून बसवण्यात आली. संत फ्रान्सिस झेवियरच्या चॅपलमध्ये ती पाहायला मिळते. मुख्य वेदीवर अर्थातच मेरीमाता. तिच्या एका बाजूला क्रुसावरच्या येशूची, तर दुसऱ्या बाजूला रोझरीच्या मातेची सोनेरी नक्षीकामाने मढवलेली वेदी. बाहेरच्या पांढऱ्या साधेपणानंतर हे सोनं डोळ्यांवर येतं, आणि ते तसंच यावं म्हणून केलेलं आहे.

याच टेकडीच्या कडेला, चर्चपासून चालत काही मिनिटांवर महालक्ष्मीचं देऊळ आहे. पोर्तुगीज अमलात पणजीत देऊळ बांधायला परवानगी मिळाली ती थेट १८१८ मध्ये. चर्चच्या पायऱ्यांवर फोटो काढून परत फिरणाऱ्या मराठी पाहुण्यांनी तेवढं अंतर जरूर चालावं.

आणि जमलं तर ८ डिसेंबरला जावं. त्या दिवशी चर्चचं फेस्त असतं, समोरच्या रस्त्यावर जत्रा भरते, आणि मोंते सांतोची ती घंटा वाजताना ऐकायला मिळते.