घरातल्या शाळेला हजेरीपट नसतो

मे महिन्यात संगमनेरला मावसबहिणीकडे गेले होते. तिची तिन्ही मुलं घरीच शिकतात. थोरला चौदाचा, मधली दहाची, धाकटा सहाचा. जूनपासून नवं वर्ष सुरू करायचं म्हणून ताईने टेबलभर कागद पसरले होते. थोरल्याची मुक्त विद्यालयाची दहावीची पुस्तकं, मधलीचे अपूर्णांक, धाकट्याची बाराखडी. ताईच्या हातात सकाळचे दोन-अडीच तास, आणि तिघंही एकाच वेळी हाक मारणार.

तिने मला विचारलं, "तू शिक्षणाच्या इतिहासावर पीएचडी करतेस ना? मग सांग, पूर्वी घरीच मुलांना शिकवणाऱ्या बायका वेळ कुठून काढायच्या? आणि काय शिकवायचं, काय सोडायचं, हे कसं ठरवायच्या?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. का देता आलं नाही, ते तुम्हाला सांगायचंय, कारण संशोधनाचा विषय निवडताना तुम्हीही याच ठिकाणी अडणार आहात.

आपला नगर जिल्हाच घ्या. (२०२४ पासून अहिल्यानगर. पण जुन्या नोंदी 'अहमदनगर' नावानेच सापडतात, शोधताना दोन्ही नावं वापरा.) अमेरिकन मराठी मिशनने इथे १८३१ मध्ये ठाणं उभारलं. सिंथिया फरार १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये इथेच वारल्या. मधली वीस-बावीस वर्षं त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. त्या शाळांबद्दल आपण आज लिहू शकतो. का? तर मिशनला बोस्टनच्या मुख्य संस्थेला अहवाल पाठवावे लागायचे. पैसा तिकडून यायचा, म्हणून हिशेब तिकडे जायचा.

इथे थांबा आणि ही गोष्ट वहीत लिहून घ्या: बरेचसे कागद ज्ञानातून नाही, जबाबदेहीतून तयार होतात. शाळेला कुणाला तरी जाब द्यावा लागतो, म्हणून हजेरीपट असतो. घराला तसा जाब कुणी मागत नाही. त्यामुळे घरात शिकवणाऱ्या बाईचं काम कितीही मोठं असलं, तरी दप्तरात ते सापडत नाही.

मग शोधायचं कुठे? आठवणींमध्ये. आपल्याच नगरचं उदाहरण आहे. १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यानंतर ना. वा. टिळकांनी नगरमध्ये काम केलं, आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या आयुष्याचा मोठा काळ या जिल्ह्यात गेला. त्या शाळेत गेल्या नाहीत, घरीच शिकल्या. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ मध्ये आला, म्हणजे बऱ्याच प्रसंगांनंतर काही दशकांनी. पुस्तक अस्सल आहे, पण ते आठवणीतून आलेलं आहे. त्यातला एखादा प्रसंग पुरावा म्हणून वापरताना हे अंतर विसरायचं नाही.

अंतराने काय होतं ते नीट बघायचं असेल, तर पंडिता रमाबाईंकडे या. नगर सोडून बाहेर जातेय, पण ताईच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचं घर हेच आहे. रमाबाईंचा जन्म १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला, म्हणजे लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं आणि त्यासाठी समाजाचा विरोध सोसला. रमाबाई शिकण्याच्या वयाच्या झाल्या तेव्हा शास्त्रीबुवा म्हातारे झाले होते. मग मुलीला शिकवायचं काम आईकडे आलं.

या शिकवण्याची दोन वर्णनं आपल्याकडे आहेत. पहिलं १८८७ चं. रमाबाईंच्या इंग्रजी पुस्तकाला फिलाडेल्फियाच्या डॉ. रेचेल बॉडली यांनी प्रस्तावना लिहिली. तीत चित्र असं: दिवसभर आईला घरकाम आणि आश्रमातल्या विद्यार्थ्यांची उस्तवार, म्हणून ती पहाटेच झोपाळू मुलीला उठवते आणि रानातल्या पाखरांच्या किलबिलाटात तोंडी पाठ देते. हातात पुस्तक नाही.

दुसरं वर्णन खुद्द रमाबाईंचं, १९०७ चं. त्या सांगतात की आपल्याला आठवतं तेव्हापासून घर सतत तीर्थयात्रेवरच होतं, आणि आईने शिकवलं ते साधारण आठव्या ते पंधराव्या वर्षापर्यंत.

आता सांगा, पाठ आश्रमात झाले की वाटेवर? माझ्या पहिल्या मसुद्यात मी पाखरांची पहाट जशीच्या तशी उचलली होती. गाईडनी समासात एवढंच लिहिलं: "तेव्हा मुलगी किती वर्षांची होती?" लाज वाटली. कारण रमाबाई तान्ह्या असतानाच कुटुंबाने ते रान सोडलं होतं.

म्हणून प्रस्तावना टाकून द्यायची का? नाही. ती अमेरिकन वाचकांसाठी लिहिलेली आहे, त्यामुळे देखावा सजलेला असणार. पण पहाटेची वेळ आणि कामाने भरलेला आईचा दिवस, हे तपशील सजावटीसाठी कशाला कोण घालेल? ठिकाण संशयास्पद आहे, वेळ पटण्यासारखी आहे. एकाच साधनातला एक तपशील धरायचा आणि दुसरा सोडायचा, तर दोन्हीचं कारण लिहून ठेवायचं. साधनचिकित्सा म्हणतात ती हीच.

आणि सोडलं काय गेलं? याचं उत्तर रमाबाईंनी फार कठोरपणे दिलंय. घरात संस्कृत होतं, पुराणं होती. देवळांतून पुराण सांगून पोट चालायचं. दुष्काळ पडला तेव्हा या मंडळींना दुसरं काहीच येत नव्हतं. भीक मागवेना, हलकं काम करवेना, पोट भरायचा व्यवहारी मार्ग कुणी शिकवलाच नव्हता. काही महिन्यांत वडील, आई आणि थोरली बहीण गेली. मागे उरले रमाबाई आणि भाऊ. त्याच शिक्षणाच्या जोरावर १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, हेही खरं. एकाच अभ्यासक्रमाचे हे दोन निकाल आहेत. फक्त दुसराच सांगितला, तर तो इतिहास न राहता सत्कार होतो.

तेव्हा घरातल्या शिक्षणावर काम करायचं असेल तर साधनाला तीन प्रश्न विचारत जा. हे कुणी, कधी, कुणासाठी लिहिलं? शिकवायचे तास कुणाच्या दिवसातून काढले गेले? आणि काय शिकवलं गेलं नाही?

ताईला हे सगळं फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "शनिवारचा बाजार आणि त्याचा हिशेब या वर्षी थोरल्याकडे देते." मी तिला एक दोनशे पानी वही घ्यायला सांगितली. रोज चार ओळी: काय झालं, काय राहिलं, कोण रडलं, दूध कितीदा उतू गेलं. जाब विचारायला कुणी येणार नाहीये. पण पन्नास वर्षांनी एखादी विद्यार्थिनी आली, तर तिला पाखरांवर भागवावं लागू नये.