औषधांची जाहिरात आणि कायद्याची परिभाषा

हमखास गुण देणाऱ्या औषधासाठी मराठीत दोन विशेषणे रूढ आहेत : ‘रामबाण’ आणि अरबी-फारसीतून आलेले ‘अक्सीर’. नांदेड व लातूर या भागांत, जेथे निजामी राजवटीत उर्दू ही राज्यकारभाराची भाषा होती, दोन्ही परंपरा एकत्र नांदल्या. औषधविक्रेत्याला त्यांचे आयतेच पाठबळ लाभले.

१९५४ साली संसदेने औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी करणारा अधिनियम संमत केला. त्या वेळी नांदेड हा हैदराबाद राज्याचा जिल्हा होता. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे. जादूच्या उपायांची व्याख्या करताना इंग्रजी संहितेलाही ‘मंत्र’ आणि ‘कवच’ हे शब्द जसेच्या तसे स्वीकारावे लागले, ही गोष्ट लक्षणीय होय.

हमदर्द दवाखाना खटल्यात १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा जाहिरातींना भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण नाकारले. मात्र कोणते रोग निषिद्ध ठरवावेत हे निकषावाचून शासनावर सोपविणारा भाग रद्द केला. म्हणून १९६३ साली ५४ नोंदींची अनुसूची जोडण्यात आली. तीत मधुमेह, लठ्ठपणा, अपस्मार, उन्माद आणि वेड यांचा समावेश आहे. पथ्य, आहार व दीर्घ उपचार यांना कंटाळलेला रोगी येथेच सहज फसतो.

तथापि कलम ४ औषधाच्या खऱ्या स्वरूपाविषयी खोटा समज निर्माण करणाऱ्या जाहिरातीसही मनाई करते. वाचकाचा समज नेमका कोणता झाला, हे ठरविणे हा मूलतः भाषेचाच प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर रोग्याच्या बोलीतच शोधावे लागते.