जैवरेणू

* जैवरेणू : पाणी आणि क्षार वगळले तर सजीवांची शरीरे मुख्यतः चार प्रकारच्या कार्बनी रेणूंची बनलेली असतात : कर्बोदके, मेद, प्रथिने आणि न्यूक्लिक आम्ले. माणदेशात चारही ओळखायला बाजरीचा दाणा पुरतो. दाण्यात सर्वाधिक असतो तो स्टार्च, म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची साखळी. सरमाडातले, म्हणजे बाजरीच्या वाळलेल्या ताटांतले, सेल्युलोजही ग्लुकोजचेच. फरक फक्त कड्या जोडण्याच्या पद्धतीत. पण तेवढ्याने भाकरी माणसाला पचते, सरमाड पचत नाही. खरे तर मेंढीलाही ते स्वतः पचवता येत नाही. तिच्या पोटातले सूक्ष्मजीव ते काम करतात. बाजरीत मेद सुमारे ५ टक्के, गहू-तांदळापेक्षा बराच जास्त. दळल्यावर लायपेज हे विकर त्याचे विघटन करू लागते, म्हणून बाजरीचे पीठ लवकर कडू पडते. प्रथिने २० अमिनो आम्लांच्या वेगवेगळ्या क्रमांतून घडतात. लायपेज हे प्रथिनच, तसेच घोंगडीच्या लोकरीतले केरॅटिनही. केरॅटिनमधल्या गंधकाच्या बंधांमुळे लोकर चिवट होते. ती जळताना सुटणाऱ्या उग्र वासातही गंधकाचा वाटा असतो. बाजरीत गव्हासारखे ग्लुटेन नाही, त्यामुळे पीठ ताणले जात नाही आणि भाकरी थापावी लागते. कोणत्या प्रथिनात अमिनो आम्लांचा क्रम कोणता, याची नोंद डीएनए या न्यूक्लिक आम्लात असते. आरएनए हे दुसरे न्यूक्लिक आम्ल म्हणजे त्या नोंदीची कामापुरती नक्कल. बाजरीचा डीएनए गुणसूत्रांच्या ७ जोड्यांत असून त्याच्या क्रमाचा आराखडा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.