तबकडीतला षड्ज

इ. स. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी असून तीत फोंडे तालुक्यातील केरी गावच्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. ही अभिमानाची गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. आम्हांस येथे तिच्या वेष्टनाविषयी बोलावयाचे आहे. तबकडी किती वेगाने फिरवावी, हे त्यावर हायड्रोजन अणूच्या कालमानाने चित्रित केले आहे; सुई कोठे टेकवावी तेही दाखविले आहे, आणि सोबत सुईदेखील धाडली आहे. कोणा अज्ञात श्रोत्याच्या हातूनही षड्ज ढळू नये, एवढी ही काळजी!

आपल्या माळ्यांवरील मुद्रिका संगणकात उतरविताना ही काळजी क्वचितच दिसते. जुन्या मुद्रिकांस सरसकट ७८ फेऱ्यांच्या म्हणतात खरे. पण विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कित्येक मुद्रिका त्याहून कमी-अधिक वेगाने कोरलेल्या आहेत. ७८ फेऱ्यांची मुद्रिका मिनिटास ८२-८३ फेऱ्यांनी फिरविली, तर गाणे जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते, लय धावू लागते आणि गळ्याची जातही पालटते. यास्तव साथीतील पेटीची पट्टी अदमासावी, आणि यंत्राचा वेग रेघांच्या चक्रीने, ५० आवर्तनांच्या विजेच्या दिव्याखाली, तपासून घ्यावा.

दुसरी गोष्ट सुईची. १९४८ साली आलेल्या दीर्घवादी तबकडीची खाच अरुंद, तिची सुई सुमारे १ सहस्रांश इंचाची. ७८ च्या खाचेस सुमारे ३ सहस्रांश इंचाची लागते. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी लोळते आणि तेथला कचराच वाजवीत बसते. ही मुद्रिका एकाच आवाजाची असली, तरी ती द्विमार्गी यंत्राने उतरवावी. खाचेच्या दोन्ही भिंती निराळ्या ऐकू येतात, आणि पोलादी सुयांनी कमी झिजविलेली भिंत निवडता येते.

मुद्रिका आधी धुवावी हे खरे, पण स्पिरिटने नव्हे. जुनी तबकडी लाखेची असते, आपल्या बांगड्यांची तीच लाख; स्पिरिटात ती विरघळते. ऊर्ध्वपातित पाणी आणि मऊ कुंचला पुरे.

१९५४ नंतर दीर्घवादी तबकड्यांसाठी खर्ज दाबून व तार चढवून कोरण्याचे एक प्रमाण ठरले. वाजविताना यंत्र ते उलट करते. त्याआधीच्या मुद्रिकांस हेच प्रमाण लावले की तार स्वर बोथट होतात, आणि श्रोता म्हणतो, 'जुने लोक असेच गात!'

सर्वांत मोठा अपराध मात्र सफाईचा. संगणकास खरखर पुसावयास सांगितले की तो तंबोऱ्याची झणत्कृती आणि आकाराच्या शेवटचा श्वासही खरखरच समजतो. एखाददुसरा टकटक आवाज काढावा, त्यापुढे हात आवरावा. आमच्या मते थोडी खरखर असलेले गाणे काचेसारख्या निर्जीव गाण्याहून शतपटीने बरे.

हा नुसता कारागिरीचा वाद नव्हे. अल्लादियाखाँसाहेब १९४६ साली वारले. त्यांच्या गळ्याची मुद्रिका उरली नाही. त्यांची गायकी कशी होती, हे केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई यांच्यासारख्या शिष्यांच्या मुद्रिकांवरूनच ताडावे लागते. ज्या घराण्यांनी आपल्या देवालयांच्या सभामंडपांत पिढ्यानुपिढ्या सेवा रुजू केली, त्यांतील कितीएकांचा आवाज आज एखाद्याच तबकडीत उरला असेल. ती चुकीच्या वेगाने उतरवून मूळ फेकून दिली, तर नातवंडांच्या कानी जाईल ते परक्याचे गाणे.

म्हणून पहिली प्रत, २४ बिटांची व ९६ किलोहर्ट्झची, अस्पर्श ठेवावी. ध्वनीची पातळी कमाल मर्यादेच्या बरीच खाली असावी. सफाई करावयाची ती दुसऱ्या प्रतीत. वेग, सुईचे माप, मुद्रिकेचा क्रमांक व उतरविल्याची तारीख सोबत लिहावी. आणि मूळ मुद्रिका उन्हापासून दूर, उभ्या रचून ठेवाव्या.